पाठराखीण प्रथिनं आणि गुदमरलेलं बाळ : वाचकांचे प्रश्न

जन्माच्या वेळी प्राणवायू कमी पडला तर मेंदूतल्या पेशी स्वतःला वाचवण्यासाठी काय करतात, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी ही काही. लांबलचक पत्रांतला मुख्य प्रश्न तेवढा ठेवला आहे.

प्रश्न : ‘हीट शॉक प्रोटीन’ म्हणजे उष्णतेचा धक्का बसल्यावर तयार होणारं प्रथिन, असं वर्गात सांगितलं. एका मुलाने विचारलं, मग प्राणवायू कमी पडल्यावर ते का तयार होतं? तिथे मी अडलो.
— विज्ञान शिक्षक, कराड

मुलाचा प्रश्न रास्त आहे, फसवं आहे ते नाव. १९६२ साली फेरुच्चो रितोसा या इटालियन संशोधकाने एक निरीक्षण छापलं. तापमान वाढलं की फळमाशीच्या अळीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागी फुगवटे येतात. गुणसूत्र जिथे फुगतं, तिथली जनुकं कामाला लागलेली असतात. त्याच निबंधात त्यांनी हेही नोंदवलं होतं, की डायनायट्रोफेनॉल हे रसायन दिलं तरी तेच फुगवटे येतात. या रसायनाने पेशीची ऊर्जानिर्मिती बिघडते. म्हणजे ऊर्जेची तंगी झाली तरी हीच जनुकं जागी होतात, हे पहिल्या निबंधातच होतं. या जनुकांपासून बनणारी प्रथिनं १९७४ मध्ये हाती लागली, तोवर ‘हीट शॉक’ हे नाव चिकटून बसलं होतं. मराठीत कुणी ‘उष्माघात प्रथिनं’ लिहितात, ते टाळलेलं बरं. उष्माघात म्हटलं की आपल्याला नागपूरचा मे महिना आठवतो. ‘ताणप्रथिनं’ चालेल.

आता काम. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. तिची ठरावीक घडी पडली तरच ती कामाची. घडी उलगडली की आत लपलेले चिकट भाग उघडे पडतात आणि साखळ्या एकमेकींना चिकटून गोळा होतो. अंडं उकडल्यावर पांढरं पडतं ते यामुळेच. एचएसपी-७० (एचएसपी म्हणजे हीट शॉक प्रोटीन) हे प्रथिन अशा उघड्या पडलेल्या साखळीला धरतं, गोळा होऊ देत नाही आणि पुन्हा घडी पडेपर्यंत सोबत राहतं. इंग्रजीत या प्रथिनांना ‘शॅपरोन’ म्हणतात. आपल्याकडे नव्या नवरीबरोबर सासरी जाणारी पाठराखीण असे, तसलंच हे काम : नवखीला सांभाळायचं, भलत्याच्या नादी लागू द्यायचं नाही आणि ती रुळली की परत फिरायचं.

पेशीला धोका कळतो कसा? एरवी एचएसएफ-१ नावाचं नियंत्रक प्रथिन एचएसपी-९० ने बांधून ठेवलेलं असतं. बिघडलेली प्रथिनं वाढली की पाठराखिणी तिकडे धावतात आणि एचएसएफ-१ मोकळं होतं. त्याचे तीन-तीन रेणू जोडले जाऊन केंद्रकात जातात आणि ताणप्रथिनांची जनुकं चालू करतात. प्राणवायू नसला की एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, घटतं, पेशीपटलावरचे पंप बंद पडतात, कॅल्शियम आत शिरतं, लॅक्टिक आम्ल साचतं. या सगळ्यात प्रथिनांच्या घड्या बिघडतात. एचएसएफ-१ साठी ताप काय अन् गुदमरणं काय, दोन्ही सारखंच.

वर्गात सांगायला आणखी एक नातेवाईक आहे : एचएसपी-३२, म्हणजेच हीम ऑक्सिजनेज-१. हे रक्तातल्या हीमचे तुकडे करतं आणि त्यातून शेवटी बिलिरुबिन बनतं. नवजात बाळाला कावीळ होते ती याच पदार्थाने. थोडं बिलिरुबिन मुक्त मूलकांना (पेशीची नासधूस करणाऱ्या अस्थिर रेणूंना) आवर घालतं, फार झालं तर मेंदूलाच विषारी ठरतं.

प्रश्न : मग प्राणवायू जितका कमी, तितकी ही प्रथिनं जास्त आणि तितका मेंदू सुरक्षित, असं समजायचं का?
— बी.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी, लातूर

नाही. या विषयात सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

नवजात मेंदूवरचं बरंच ज्ञान ७ दिवसांच्या उंदरांच्या पिलांवरून आलं आहे. मोठ्या जातीचे, प्रयोगशाळेतले पांढरे उंदीर. १९८१ मध्ये राइस आणि वानुची यांनी बसवलेली पद्धत अशी : मानेतली एका बाजूची मुख्य धमनी बांधायची आणि मग पिलाला ८ टक्के प्राणवायूच्या हवेत ठेवायचं. (साध्या हवेत तो २१ टक्के असतो.) धमनी बांधलेल्या बाजूच्या मेंदूला प्राणवायूही कमी आणि रक्तही कमी. दुसऱ्या बाजूला फक्त प्राणवायू कमी, रक्त मात्र वाहतं. एकाच डोक्यात दोन प्रयोग.

१९९० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या डोना फेरिएरो आणि सहकाऱ्यांनी अशा पिलांच्या मेंदूत एचएसपी-७२, म्हणजे एचएसपी-७० चं ताणात बनणारं रूप, शोधलं. ते उठून दिसतं ते धमनी बांधलेल्या गोलार्धात. नुसता प्राणवायू कमी झालेल्या बाजूला ते बहुधा दिसत नाही, दिसलं तर अगदी थोडं, कारण तिथे रक्तप्रवाह वाढून तूट भरून निघते.

दुसरं टोक याहून महत्त्वाचं. जिथे पुरवठा जवळजवळ पूर्ण तुटला, त्या गाभ्यात एचएसपी-७० चा आरएनए (प्रथिन बनवण्यासाठी निघालेली जनुकाची नक्कल) बनलेला सापडतो, पण चेतापेशींत प्रथिन सापडत नाही. जनुकाने हुकूम काढला, कारखाना मात्र बंद. कारण ऊर्जा संपत आली की पेशी प्रथिननिर्मितीच थांबवते. शिवाय एचएसपी-७० स्वतः एटीपीवर चालतं. साखळी पकडायची आणि सोडायची, या प्रत्येक फेऱ्यात एक एटीपी खर्च होतं. तेव्हा जास्तीत जास्त प्रथिन दिसतं ते गाभ्याच्या कडेला, जिथे पेशी जखमी आहेत पण अजून तगून आहेत. आलेख काढला तर चढती रेघ येणार नाही, टेकडी येईल. प्रथिन दिसलं म्हणजे पेशीला मार बसलाय एवढं नक्की. ती वाचेल की नाही, हे एकट्या त्यावरून सांगता येत नाही.

आणि वेळ. आरएनए तासा-दोन तासांत दिसू लागतो. प्रथिन साठायला काही तास जातात आणि साधारण एक दिवसाच्या आसपास ते भरात असतं. गुदमरण्याची पहिली मिनिटं पाठराखिणीशिवायच काढावी लागतात.

असं असलं तरी ती निरुपयोगी नाही. प्राणवायू परत आल्यावर बाळ काही तास सावरल्यासारखं दिसतं. मग ६ तासांपासून पुढे दोन-तीन दिवस ऊर्जेची दुसरी पडझड होते. या टप्प्यात नवजात मेंदूत पेशींची नियोजित आत्महत्या, म्हणजे अपोप्टोसिस, प्रौढांपेक्षा बरीच जास्त असते, कारण वाढत्या मेंदूत ती यंत्रणा आधीच सज्ज असते. एचएसपी-७० इथे आडवं येतं. मायटोकॉन्ड्रियातून सुटलेल्या एआयएफ या मारक प्रथिनाला ते वाटेतच पकडतं आणि केंद्रकात पोचू देत नाही. मुळातच जास्त एचएसपी-७० बनवणाऱ्या उंदरांच्या पिलांत इजा कमी झाली आणि एआयएफ अडकलेलं सापडलं. हे काम २००५ मध्ये छापून आलं.

प्रश्न : सात दिवसांच्या पिलांत एचएसपी-७० चा वेस्टर्न ब्लॉट (अर्कातलं प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणारी चाचणी) करते आहे. पट्ट्या दर वेळी वेगळ्या येतात. कधी शॅम (नुसती चीर दिलेल्या, धमनी न बांधलेल्या) पिलातही गडद पट्टी! चूक कुठे होत असेल?
— पीएच.डी. विद्यार्थिनी, पुणे

आधी तापमान तपासा. दहा वेळा सांगावं असं हे कारण आहे. ७ दिवसांचं पिलू १२ ते १६ ग्रॅमचं, अंगावर धड लव नाही. आईपासून काढलं की मिनिटांत गार पडतं. गार पिलाच्या मेंदूला इजाच कमी होते आणि आपण समजतो औषधाने वाचलं. उलट हीटिंग पॅड जास्त तापला, तर नुसत्या उष्णतेनेच एचएसपी-७० बनतं. शॅमची गडद पट्टी बहुधा तिथूनच येत असेल. चेंबरच्या भिंतीवरचं तापमान पाहू नका. एका जादाच्या पिलाला प्रोब लावून तेही चेंबरमध्ये ठेवा आणि त्याचं अंग ३६ ते ३७ अंशांत राहील असं, चेंबर ज्या पाण्यात ठेवता त्याचं तापमान जुळवा. ते पिलू मोजणीत धरायचं नाही.

दुसरं, अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिन ओळखून त्याला चिकटणारा रेणू. पेशीत एचएससी-७० हे जुळं भावंड कायम असतं आणि चेतापेशींत तर भरपूर. दोघांच्या वजनात जेमतेम एक-दोन किलोडाल्टनचा फरक. दोघांनाही ओळखणारी अँटिबॉडी वापरली, तर निरोगी पिलातही ठसठशीत पट्टी येणारच. फक्त ताणात बनणारं रूप ओळखणारा क्लोन (अँटिबॉडीचा ठरावीक वाण) घ्या. सी-९२-एफ-३-ए-५ हा त्यासाठी वर्षानुवर्षं वापरात आहे. सोबत ४२-४३ अंशांवर तासभर तापवून मग सावरू दिलेल्या पेशींचा अर्क एका खणात चालवा, म्हणजे पट्टी नेमकी कुठे हवी ते कळेल. १० टक्क्यांचं जेल आणि खणाला २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरे.

तिसरं, गट. शॅम, अजिबात हात न लावलेलं पिलू आणि विरुद्ध गोलार्ध, तिन्ही हवेत. विरुद्ध गोलार्ध ‘निरोगी’ म्हणून धरू नका, त्यालाही प्राणवायू कमी मिळालेला आहे. एका वेतातली सगळी पिलं एकाच गटात टाकली, तर तुम्ही औषध नाही, आई मोजता आहात. नर-मादीची नोंद ठेवा, इजेत फरक पडतो.

धमनीपासून व्हेगस नर्व्ह (तिच्या शेजारून जाणारी मज्जातंतूची दोरी) नीट सोडवा. ती ओढली गेली तर श्वास बिघडतो आणि पिलू चेंबरमध्ये दगावतं. शस्त्रक्रियेनंतर एक-दोन तास आईजवळ ठेवा. ८ टक्क्यांच्या हवेत मूळ पद्धतीत साडेतीन तासांपर्यंत ठेवत, आता बऱ्याच ठिकाणी ९० ते १२० मिनिटं ठेवतात. तुमच्या वसाहतीतल्या पिलांना किती पुरे, ते आधी थोड्या पिलांवर ठरवून घ्या आणि मग बदलू नका. मेंदू बर्फावर काढून कॉर्टेक्स आणि हिप्पोकॅम्पस वेगळे करा. अख्खा गोलार्ध वाटला तर गाभा आणि कड एक होतात, आणि आधीच्या उत्तरातली टेकडी सपाट होते.

ब्लॉट फक्त ‘किती’ सांगतो, ‘कुणात’ ते नाही. प्रथिन चेतापेशीत आहे की ॲस्ट्रोसाइटमध्ये (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशीत), यासाठी काप काढून दुहेरी रंगवणी करावीच लागेल. हे सगळं संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीच्या मंजुरीनंतरच, हे वेगळं सांगायला नको.

प्रश्न : बाळ रडलं नाही तर त्या मिनिटाला मेंदू वाचवण्यासाठी नेमकं काय करायचं? आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही.
— परिचारिका, ग्रामीण रुग्णालय, नंदुरबार जिल्हा

पहिल्या मिनिटाला व्हेंटिलेटर लागत नाही. बॅग आणि मास्क लागतो, आणि तो प्रसूतीच्या आधी तपासलेला लागतो. मास्क तळहातावर दाबून बॅग पिळा. हाताला दाब जाणवला पाहिजे आणि झडप उघडल्याचा आवाज आला पाहिजे.

बाळ पुसा, ओला कपडा बाजूला टाका, कोरड्या उबदार कपड्यावर घ्या. मान किंचित मागे, वास घेताना असते तशी. तोंडात काही दिसत असेल तरच आधी तोंड, मग नाक साफ करा. पाठ चोळा किंवा तळव्याला टिचकी मारा, एक-दोन वेळा. एवढ्यात अर्धं मिनिट जातं. तरी श्वास नाही, तर ६० सेकंदांच्या आत बॅग सुरू. पूर्ण दिवसांच्या बाळाला १ नंबरचा मास्क. वेग मिनिटाला ४० ते ६०, तोंडाने ‘श्वास, दोन, तीन’ म्हणत राहा. सुरुवात साध्या हवेने. शुद्ध प्राणवायूने मुक्त मूलकं वाढतात आणि नवजात मेंदूकडे त्यांना आवरणारी विकरं कमी असतात.

छाती उचलली जात नसेल, तर बॅग जोरात पिळण्याआधी मास्क परत बसवा, मान परत ठेवा, तोंड उघडं करा. हनुवटीपाशी गळती, नाहीतर मान छातीवर दुमडलेली, बहुतेक वेळा या दोनपैकीच एक असतं. छाती नीट हलेल असे ३० सेकंद श्वास देऊनही ठोके ६० च्या खाली असतील, तर तीन दाब एक श्वास या प्रमाणात छाती दाबणं आणि १०० टक्के प्राणवायू. डॉक्टरांना केव्हाच हाक गेलेली असावी. पाय धरून उलटं करणं, पाण्याचे हबके, पार्श्वभागावर चापट्या, या सगळ्यात तेच मिनिट जातं. बाळाने गर्भजलात शी केलेली असली तरी मलूल बाळाच्या श्वासनलिकेत दर वेळी नळी घालून ओढत बसण्याची शिफारस आता नाही.

बाळ सावरलं की नाळेचा १० ते २० सेंटिमीटरचा तुकडा दोन्हीकडून चिमटा लावून ठेवा. त्यातलं रक्त साध्या तापमानाला तासभर तपासणीयोग्य राहतं. पीएच ७.० किंवा त्याखाली आला तर मोठ्या रुग्णालयाला निर्णय घेणं सोपं जातं. १, ५ आणि १० मिनिटांचे अपगार गुण (ठोके, श्वास, रंग वगैरेंवरून दिलेले) आणि पहिला श्वास कधी घेतला, हे चिठ्ठीत लिहा. नुसतं ‘उशिरा रडलं’ एवढ्यावर पुढच्या डॉक्टरांना काही ठरवता येत नाही. रक्तातली साखर तपासा. वाटेत बॅग उगाच भराभर पिळू नका, कार्बन डायऑक्साइड फार उतरला तर मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात.

प्रश्न : उष्णतेने ही प्रथिनं वाढतात, तर अशा बाळाला जास्त ऊब दिलेली चांगली ना? घरात आजीचा शेक-शेगडीचा आग्रह आहे.
— एक वडील, सांगली

नको. उंदरांत आदल्या दिवशी उष्णता दिली तर दुसऱ्या दिवशीच्या इजेपासून थोडं रक्षण होतं, हे खरं. पण इजा झाल्यावर तीच उष्णता उलटते. मेंदूचं तापमान चढलं की त्याची प्राणवायूची आणि साखरेची भूक वाढते, आणि पुरवठा तर आधीच अपुरा असतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत थंड न केलेल्या बाळांपैकी ज्यांचं अंग तापलेलं राहिलं, त्यांचे परिणाम जास्त वाईट होते. काखेतलं तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सियस ठेवा. शेगडी नकोच, धुरासाठीही आणि भाजण्यासाठीही. आजींना उघड्या छातीवर बाळ धरायला सांगा. ऊब पुरेशी मिळते आणि आग्रहही पुरा होतो.

प्रश्न : आणि त्याच बाळांना रुग्णालयात थंड का करतात? थंडीने ही प्रथिनं वाढतात का?
— वाचक, डोंबिवली

थंडीचा उपयोग पाठराखिणी वाढवून होत नाही, त्यांच्यावरचा भार कमी करून होतो. तापमान एक अंशाने उतरलं की मेंदूची ऊर्जेची गरज ५ ते ७ टक्क्यांनी घटते. ग्लुटामेट या चेतापेशींना उत्तेजित करणाऱ्या रसायनाचा मारा आणि अपोप्टोसिस, दोन्ही मंदावतात. पद्धत ठरलेली आहे : ३६ आठवडे किंवा त्यापुढचं बाळ, मध्यम किंवा तीव्र लक्षणं, जन्मापासून ६ तासांच्या आत सुरुवात, आतलं तापमान ३३.५ अंशांच्या आसपास, ७२ तास, आणि मग तासाला अर्ध्या अंशाने हळूहळू ऊब. घरी किंवा रुग्णवाहिकेत बर्फ लावून करायची ही गोष्ट नाही.

श्रीमंत देशांत याने मृत्यू आणि अपंगत्व कमी झालं. आपल्याकडचं चित्र वेगळं निघालं. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या ४०८ बाळांवरची ‘हेलिक्स’ चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईचं सायन रुग्णालयही तिच्यात होतं. मृत्यू किंवा अपंगत्व एकत्र धरलं तर फायदा दिसला नाही आणि थंड केलेल्या गटात मृत्यू ४२ टक्के, दुसऱ्या गटात ३१ टक्के. इथल्या अनेक बाळांत इजा प्रसूतीच्या बरीच आधी सुरू झालेली असावी, हे एक संभाव्य कारण मांडलं जातं. तसं असेल तर ६ तासांचं घड्याळ जन्माआधीच चालू झालेलं असतं. तेव्हा डॉक्टरांनी थंड करण्याला नकार दिला तर तो हलगर्जीपणाच, असं समजू नये.

प्रश्न : थोडा प्राणवायू आधी कमी केला तर मेंदू पुढच्या धक्क्याला तयार होतो असं वाचलं. गरोदरपणी कुंभक केला तर बाळाच्या मेंदूला तशी सवय होईल का?
— योगवर्गातील एक सदस्य, रत्नागिरी

वाचलंत ते खरं आहे, पण उंदरांचं. १९९४ मधला प्रयोग : नवजात पिलांना ८ टक्के प्राणवायूत ३ तास ठेवलं, २४ तासांनी खरी इजा केली, आणि मेंदू बराचसा वाचला. पुढे असं दिसलं की या तयारीत मोठा वाटा एचआयएफ-१ या प्राणवायू ओळखणाऱ्या नियंत्रकाचा आहे. पेशी प्राणवायूची पातळी कशी ओळखते, या शोधाला २०१९ चं नोबेल मिळालं.

पण उंदराचा प्रयोग चालतो तो धक्का कधी बसणार हे आधीच ठरलेलं असतं म्हणून. बाळंतपणात ते ठरलेलं नसतं. आणि गर्भाच्या रक्तातला प्राणवायू मुळातच आपल्यापेक्षा बराच कमी असतो, तिथे आणखी कपात करायला जागा नाही. कुंभक गरोदरपणी करू नये. सावकाश श्वास घ्या आणि सोडा, रोखू नका. त्यापेक्षा शेवटच्या महिन्यांत बाळाच्या हालचालींकडे लक्ष ठेवा आणि त्या नेहमीपेक्षा कमी वाटल्या तर सकाळची वाट न पाहता त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्रीच, रुग्णालय गाठा.

प्रश्न : बाळाच्या रक्तात एचएसपी-७० मोजून पुढचं भविष्य कळतं का? ते वाढवणारं औषध आहे का?
— एक आई, मडगाव

दोन्हीला आज तरी उत्तर ‘नाही’ असंच आहे. रक्तातलं एचएसपी-७० मेंदूतूनच आलं असं म्हणता येत नाही. प्रसूतीचा ताण, जंतुसंसर्ग, ताप, कशानेही ते वाढतं. जेल्डानामायसिनसारखी औषधं एचएसपी-९० ला अडवून एचएसएफ-१ मोकळं करतात आणि एचएसपी-७० वाढवतात, पण यकृताला घातक असल्याने ती बाळांपर्यंत येऊ शकली नाहीत.

तुमच्या बाळासाठी विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत : पहिल्या दिवसांत मेंदूच्या विद्युतलहरींचा आलेख सामान्य झाला का आणि किती तासांनी, ४ ते ७ दिवसांच्या दरम्यान एमआरआय झाला असेल तर बेसल गँग्लिया आणि थॅलॅमस या मेंदूच्या खोलवरच्या भागांबद्दल काय लिहिलंय, घरी जाताना बाळ स्वतः नीट ओढून दूध पीत होतं का. तिसऱ्या महिन्यात मान, पाठ आणि हातांच्या मुठी पाहण्यासाठी बालविकास तपासणीची तारीख आत्ताच घेऊन ठेवा. मुठी सतत घट्ट मिटलेल्या किंवा एकच हात जास्त वापरात दिसला, तर तारखेपर्यंतही थांबू नका.